जुनी आउटबोर्ड मोटर घरी उभी करणे: जॉन्सन ९.९ आणि तिच्या बहिणी

खाडीकाठ

जयगडपासून देवबागपर्यंत कुठल्याही खाडीकाठच्या गावात पडवीत, माडाला टेकून किंवा होडीच्या खोपीत एखादी जुनी आउटबोर्ड (होडीच्या मागे अडकवायची मोटर) उभी असतेच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. मोटर उघडायला याहून चांगले दिवस नाहीत. म्हणून हा धागा.

आधाराला १९७४ ते ७६ मधली जॉन्सन ९.९ घेतो. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सुमारे २१६ सीसी, पॉइंटवाली (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क असलेली). त्याच वर्षांतली एव्हिनरूड ९.९ आणि दोन्हींच्या १५ हॉर्सपॉवर मोटरी आतून जवळपास हीच. १९७७ पासून यांत पॉइंट जाऊन इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं, त्यामुळे पॉइंटचा भाग त्यांना लागू नाही, बाकी सगळं लागू. मूळ कंपनी ओएमसी (आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन) २००० च्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेली, पण इम्पेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक), पॉइंट, कार्बोरेटर किट हे नेहमी लागणारे भाग सिएरासारखे इतर उत्पादक अजून बनवतात.

आधी मोटर ओळखा. होडीच्या मागच्या फळीला अडकवायच्या क्लॅम्पवर मॉडेल नंबरची पट्टी असते. जॉन्सनच्या १९७९ पर्यंतच्या नंबरात शेवटचे दोन आकडे म्हणजे वर्ष. १९८० पासून दोन्ही नावांच्या मोटरींत वर्ष अक्षरांत लिहिलेलं असतं: आय, एन, टी, आर, ओ, डी, यू, सी, ई, एस ही अक्षरं क्रमाने १, २, ३ असं करत ९ आणि शेवटी ०. म्हणजे नंबरात ‘सीडी’ आलं तर ८६. पट्टी खरवडून रंगवू नका. पार्ट मागवताना तोच नंबर लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोरी ओढून ‘बघू तरी चालू होते का’ असं करू नका. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या मोटरीत इम्पेलरचं रबर एका बाजूला वाकून कडक झालेलं असतं, कोरडं फिरवलं की पाती तुटतात आणि तुकडे वर पाण्याच्या वाटेत जातात. सिलिंडरच्या भिंतीवर गंजाची खवले असतील तर रिंगा ती खरवडत फिरतात आणि मग बोअर करण्यावाचून इलाज उरत नाही. चालू करणं हे शेवटचं काम. तोवर चार प्रश्नांची उत्तरं मिळवायची: कॉम्प्रेशन आहे का, गियरमध्ये पाणी आहे का, पंप पाणी उचलेल का, ठिणगी आहे का. पेट्रोलचा नंबर त्यानंतर.

जाम आहे की नाही. दोन्ही प्लग काढा. प्रत्येक भोकात १५-२० मिली तेल ओता: एटीएफ (ऑटोमॅटिक गियरबॉक्सचं तेल) आणि ॲसिटोन निम्मे-निम्मे. उघड्यावर करा, जवळ चूल किंवा विडी नको. तीन दिवस राहू द्या, रोज थोडं घाला. मग गियर न्यूट्रलला ठेवून फ्लायव्हील दोन्ही हातांनी फिरवून बघा. वरून पाहिल्यावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच, उलटं नाही, कारण उलटं फिरवलं की इम्पेलरची पाती मुडपतात. हलत नसेल तर आणखी आठवडा द्या. प्लगच्या भोकातून लोखंडी कांब घालून पिस्टनवर ठोकणारे लोक आहेत. पिस्टनचा माथा ॲल्युमिनियमचा, त्यात खड्डा पडतो नाहीतर भोकच पडतं.

फिरायला लागल्यावर हाताला काय जाणवतं ते नीट बघा. गुळगुळीत जड लागत असेल तर ठीक. वाळू चुरडल्यासारखं लागत असेल तर क्रँकच्या बेअरिंगांत खारं पाणी शिरलेलं आहे. मग मोटर पूर्ण उघडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कॉम्प्रेशन. गेज लावा, थ्रॉटल पूर्ण उघडा, इग्निशन बंद ठेवा, चार-पाच वेळा जोरात ओढा. (दोरी ओढायची ती इथे पहिल्यांदा, आणि मोटरचा पाय पाण्याच्या पिंपात ठेवून.) दोन्ही सिलिंडर ९० पीएसआयच्या वर आणि दोघांत १० टक्क्यांहून जास्त फरक नसेल तर मोटर उभी करण्यालायक आहे. एकच कमी दाखवत असेल तर त्यात ५ मिली तेल घालून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर रिंगा चिकटल्या आहेत, तिथेच राहिला तर बहुधा हेड गॅस्केट.

लेथवाला

चांगली सुरुवात केलीत. पण ज्या कामात निम्मे लोक हात टेकतात ते काम म्हणजे बोल्ट. त्यावर सविस्तर लिहितो.

खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमच्या बॉडीत स्टीलचा बोल्ट म्हणजे छोटी बॅटरीच. ॲल्युमिनियम झिजतं, त्याची पांढरी भुकटी होते, आणि ती भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते. म्हणून बोल्ट घट्ट पकडला जातो. बोल्टाला स्वतःला गंज नसतो, तरी तो हलत नाही. नुसतं गंज सोडवणारं तेल फवारून उपयोग होत नाही, कारण ते भुकटीतून खाली उतरत नाही.

उपाय उष्णतेचा. आच बॉडीला द्या, बोल्टाला नाही. ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे भोक मोठं होतं. पाण्याचा थेंब टाकला की चर्र करून उडेल इतकं तापवा, त्याहून जास्त नको. ॲल्युमिनियम वितळण्याआधी लाल होत नाही, त्यामुळे डोळ्याला काहीच इशारा मिळत नाही. गरम असतानाच मेणबत्ती आट्यांच्या तोंडाला टेकवा, मेण आत ओढलं जातं. मग आधी बोल्ट किंचित आवळायचा प्रयत्न करा, मग सोडवा, पुन्हा आवळा. एक अष्टमांश वेढा पुढे, एक मागे. स्क्रूचं डोकं असेल तर हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. हे सगळं करताना टाकी, पाइप, कार्बोरेटर आधीच काढून दूर ठेवलेलं असावं.

तुटलाच तर: तुटलेला भाग वर असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्ड करा. वेल्डची उष्णता आणि नटाची पकड दोन्ही मिळतात. पृष्ठभागाच्या खाली तुटला असेल तर बरोबर मध्यावर सेंटर पंच मारून डाव्या आट्यांच्या ड्रिलने भोक पाडा, कधीकधी ड्रिल करतानाच तो बाहेर येतो. सोडवायचे चौकोनी टॅप मी सुचवणार नाही. ते आत तुटतात आणि त्यांचं पोलाद ड्रिललाही दाद देत नाही.

आणि एक गोष्ट कोरून ठेवा: ही मोटर इंची आट्यांची आहे. पाव इंच, २० आट्यांचा बोल्ट आणि एम-६ बोल्ट डोळ्याला सारखेच दिसतात. एक ६.३५ मिमी, दुसरा ६. एकाची पिच १.२७, दुसऱ्याची १. एम-६ त्या भोकात ढिला जातो, आवळला की आटे खातो. आटे गेलेच असतील तर हेलिकॉइल (तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे) बसवा. पाव इंच-२० ला ड्रिल १७/६४ इंच, म्हणजे साधारण ६.७ मिमी. एम-६ चं हेलिकॉइल हवं तर ६.३ मिमी. पण एका मोटरीत दोन्ही मिसळू नका. पुढच्या माणसाला कुठला बोल्ट कुठला ते कळत नाही.

उलांडी

@लेथवाला, परत बसवताना आट्यांना काय लावायचं? इथे दुकानात तांब्याची पेस्ट मिळते.

लेथवाला

तांब्याची आणि ग्राफाइटची दोन्ही नको. दोन्ही ॲल्युमिनियमच्या मानाने फार वरच्या प्रतीचे धातू-पदार्थ, खाऱ्या पाण्यात झीज उलट वाढवतात. साधं वॉटरप्रूफ मरीन ग्रीस बोल्टच्या पूर्ण लांबीला लावा. आट्यांनाच नाही, दांड्यालाही. कारण दांडाच बॉडीत अडकतो.

खाडीकाठ

आता गियरबॉक्स.

खालचा स्क्रू आधी सोडून भांडं धरा, मग वरचा. आधी काय बाहेर येतं ते महत्त्वाचं, कारण पाणी जड असल्याने तळाशी बसलेलं असतं. काळं तेल म्हणजे फक्त जुनं. दुधाळ म्हणजे पाणी शिरलंय. चमकदार सुया किंवा खवले म्हणजे दात गेलेत.

इथे एक सापळा आहे. या मोटरीच्या खालच्या भागात तेलाच्या सपाट खाचेच्या स्क्रूजवळ एक फुलीच्या खाचेचा स्क्रू असतो. तो तेलाचा नाही. आतल्या गियर बदलायच्या आकड्याचा तो आधार आहे. तो काढला की आतला आकडा सुटतो आणि संपूर्ण गियरबॉक्स उघडल्याशिवाय परत बसत नाही. सपाट खाच म्हणजे तेल. फुलीला हात लावायचा नाही.

दुधाळ तेल आलं तर सील बदलायच्याच: पंख्याच्या शाफ्टची, उभ्या ड्राइव्ह शाफ्टची, गियरच्या दांडीची ओ-रिंग आणि दोन्ही स्क्रूंचे वॉशर. कोकणात पंख्याच्या शाफ्टची सील जाण्याचं एक ठराविक कारण म्हणजे तिथे गुंडाळलेली नायलॉनची दोरी किंवा जाळ्याचा तंगूस. तो ओढला जाऊन सीलच्या ओठाखाली शिरतो आणि शाफ्टवर खाच पाडतो. नख अडकेल इतकी खाच असेल तर नवी सीलही गळेल. तिथे पातळ स्टीलची बाही चढवा किंवा सील एक-दोन मिलिमीटर आत-बाहेर बसवा, म्हणजे ओठ नव्या जागेवर येतो.

बसवल्यावर तेल भरण्याआधी हवेची परीक्षा. सायकलच्या पंपाने १० ते १२ पीएसआय हवा भरा, साबणाच्या पाण्यात बुडवा, पाच मिनिटं बघा. पंख्याचा शाफ्ट हाताने फिरवा. स्थिर असताना न गळणारी सील फिरताना गळू शकते.

तेल नेहमी खालून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर आत हवा अडकते. बाहेर आलं की आधी वरचा स्क्रू, मग नळी काढून पटकन खालचा. या गियरबॉक्सला साधारण पाव लिटर मरीन गियर ऑइल लागतं, ८०-९० ग्रेडचं.

सुरमई

पाण्याच्या पंपाबद्दल मी लिहिते. आमच्या किनाऱ्यावर खाडीच्या तोंडाशी उभी राहिलेली मोटर आणि निव्वळ समुद्रात चाललेली मोटर यांत फरक पडतो. वाशिष्ठी, शास्त्री, कर्ली, सगळ्या खाड्यांना ओहोटीला गाळ आणि बारीक रेती उचलली जाते, ती इम्पेलरच्या वाटीतून जाते. दरवर्षी इम्पेलर बदला, जुना चांगला दिसला तरी.

खालचा पाय काढताना आधी गियरच्या दांडीचा जोड सुटला पाहिजे. त्याची जागा मॉडेलप्रमाणे बदलते, म्हणून ओढण्याआधी तो शोधा. जोर लावून ओढलात तर दांडी वाकते आणि नंतर न्यूट्रल सापडत नाही.

पंप उघडल्यावर बघायच्या गोष्टी:

इम्पेलरची पाती मोजा. एखादं कमी असेल तर तो तुकडा सापडेपर्यंत पुढे जायचं नाही. तो पाण्याच्या नळीत किंवा थर्मोस्टॅटमागे असतो. तो तिथे ठेवून नवा इम्पेलर घातला की मोटर दोन आठवड्यांत तापते, आणि दोष इम्पेलरवर जातो.

पंपाच्या वाटीच्या आतली स्टीलची भिंत आणि खालची पट्टी नखाने तपासा. नख अडकेल अशी गोल रेघ असेल तर दोन्ही बदला.

ड्राइव्ह शाफ्टवरची छोटी चावी. ती पडते, गवतात हरवते. खाली पांढरं फडकं अंथरून काम करा.

बसवताना इम्पेलरला ग्रीस नको, भांड्यांचा साबण आणि पाणी पुरे. शाफ्ट घड्याळाच्या दिशेने फिरवत वाटी खाली दाबत न्या, म्हणजे सगळी पाती एकाच बाजूला वळतात. शाफ्टच्या वरच्या दातांना बाजूने ग्रीस लावा, टोकावर मात्र अजिबात नको. टोकावर ग्रीस भरलं की ते क्रँकच्या खळग्यात दाबलं जातं, दोघं घट्ट बसत नाहीत आणि बोल्ट आवळताना क्रँकवर वरून दाब येतो.

थर्मोस्टॅट काढून दोऱ्याला टांगून टोपात पाणी तापवा. साधारण ६० अंशाला तो उघडला पाहिजे. नसेल तर नवा. ‘आमच्याकडे पाणी गरमच असतं’ म्हणून तो काढून फेकून देऊ नका. इंजिन थंड चाललं की प्लग काळे होतात आणि कार्बन साठतो.

उलांडी

हेडमधल्या वाटा मिठाने बंद झाल्या असतील तर? काही जण टॉयलेटचं ॲसिड ओततात.

सुरमई

ते ॲसिड ॲल्युमिनियम खातं, मीठ राहतं आणि भिंत जाते. हेड काढून तारेने खरवडा, मग पांढरं व्हिनेगर पाण्यात निम्मं करून २०-३० मिनिटं, आणि भरपूर गोड्या पाण्याने धुवा. आगळ वापरू नका, त्यात मीठच असतं. आणि हेड उघडलं की गॅस्केट नवं. जुनं परत बसवू नका. हेडचा चेहरा काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून इंग्रजी आठच्या आकारात घासून सपाट करा.

सडा

पानी पंपाचो इम्पेलर खंय गावतलो? मालवणात?

खाडीकाठ

यामाहा आणि सुझुकीचे पार्ट मोठ्या बंदरांत मिळतात, कारण त्याच मोटरी पात नावाच्या आणि छोट्या फायबर होड्यांवर चालतात. जॉन्सनचा इम्पेलर इथल्या दुकानात बहुधा नाही, मॉडेल नंबर देऊन मुंबईहून किंवा ऑनलाइन मागवा. बेअरिंग आणि ऑइल सील मात्र कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळू शकतात. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी व्हर्नियरने मोजून न्या. इंची माप आहे हे सांगा. सील नायट्राइलची नको, फ्लुरो रबरची मागा.

आता ठिणगी. फ्लायव्हीलचा नट काढून पुलर लावा. फ्लायव्हीलवर तीन आट्यांची भोकं असतात, पुलर तिथेच बसतो. कडांना पकडून ओढणारा तीन नखांचा पुलर वापरला तर कड वाकते आणि फ्लायव्हील आतल्या कॉइलला घासते. क्रँकच्या टोकावर हातोडी तर कधीच नाही.

आत दिसेल: दोन पॉइंट, दोन कंडेन्सर, दोन कॉइल. जुन्या ओएमसी मोटरींच्या कॉइलचा आजार ठरलेला आहे. वरचं आवरण तडकतं, त्यात आपली दमट हवा शिरते, आणि थंड असताना ठिणगी देणारी कॉइल गरम झाल्यावर दगा देते. ‘वीस मिनिटांनी बंद पडते, तासाभराने परत चालू होते’ ही तक्रार बहुतेक वेळा हीच. तडा दिसला की कॉइल बदला, डिंक लावून भागत नाही.

नवी कॉइल बसवताना तिच्या लोखंडी पायाची कड आणि प्लेटवरच्या तासलेल्या उंचवट्याची कड बोटाला एकसलग लागली पाहिजे. बाहेर आली तर मॅग्नेट तिला घासेल, आत गेली तर ठिणगी मंद.

पॉइंटचं अंतर ०.०२० इंच, म्हणजे ०.५ मिमी, दोन्ही सारखे. कॅमच्या सर्वांत उंच जागी फिलर गेज घालून मोजायचं. मोजून झाल्यावर पांढरा कागद ॲसिटोनमध्ये भिजवून पॉइंटमधून ओढा, मग कोरडा कागद. कागदावर काळी रेघ यायची थांबेपर्यंत ओढत राहा. गेजवरचं तेल पॉइंटवर राहिलं की सगळं बरोबर असूनही ठिणगी नाही, आणि लोक कॉइल बदलत बसतात.

कंडेन्सर मिळत नसेल तर ०.२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर चालतो. तो हलणार नाही असा चिकटवा आणि उष्णतेपासून लांब ठेवा.

फ्लायव्हील परत बसवताना क्रँकचा उतार आणि आतलं भोक दोन्ही ॲसिटोनने पुसून कोरडं. तेल नको. पकड या उताराचीच असते, चावी फक्त जागा दाखवते. नट ४५ ते ५० फूट-पौंडाला टॉर्क रेंचने. ढिला राहिला की चावी कापली जाते, टायमिंग हलतं आणि मोटर दोरी परत ओढून बोटं सोलते.

ठिणगीची परीक्षा प्लगवर नाही, मोकळ्या हवेत. टेस्टरवर अंतर ६ मिमी ठेवा. निळी, टक्क आवाजाची ठिणगी तेवढी उडी मारत असेल तर पास. नारिंगी बारीक असेल तर परत आत जा.

लेथवाला

एक भर घालतो. केरोसीनवर चाललेली मोटर हातात आली असेल, तर वरचं सगळं करण्याआधी एग्झॉस्टचं झाकण उघडा. केरोसीन नीट जळत नाही, पोर्ट निम्मे बुजलेले असतात आणि रिंगा खाचेत चिकटतात. कार्बन खरवडायला लाकडाची किंवा पितळेची पट्टी, पिस्टन खाली नेऊन. स्क्रू ड्रायव्हर नको. आणि झाकणाचे बोल्ट म्हणजे या मोटरीचे सर्वांत तुटणारे बोल्ट, तेव्हा वरची आच-मेणाची पद्धत तिथेच सर्वांत आधी.

खाडीकाठ

कार्बोरेटर. पूर्ण उघडा, क्लीनरमध्ये रात्रभर, पण फ्लोट आणि रबर बाहेर काढून. मुख्य जेट तळाशी स्क्रूच्या मागे असतो. त्यात तार घालू नका, भोक मोठं होतं. मऊ नायलॉनचा तंतू किंवा हवा. बुचाचा फ्लोट असेल तर इथेनॉलने त्यावरचं जुनं शेलॅक विरघळतं, बूच पेट्रोल पितं आणि बुडतं. प्लास्टिकचा नवा घ्या. फ्लोट उलटा धरल्यावर गॅस्केटच्या चेहऱ्याला समांतर हवा. कमी वेगाची सुई हलकेच टेकेपर्यंत आत न्या, मग दीड वेढा बाहेर. ही सुरुवात, पुढे होडीवर पक्कं करायचं. पेट्रोल पंपाचा पडदा आणि जाळी याच वेळी बदला.

तेल. ५०:१, म्हणजे १ लिटर पेट्रोलला २० मिली, टीसीडब्ल्यू-३ खूण असलेलं मरीन टू-स्ट्रोक तेल. मोटरसायकलचं नको. त्यातली धातूची भर जळल्यावर राख सोडते, ती थंड चालणाऱ्या इंजिनात प्लगवर आणि पिस्टनवर साठते. रिंगा नव्या घातल्या असतील तर पहिल्या दोन टाक्या २५:१, म्हणजे ४० मिली. १९६४ च्या आधीच्या, बुश बेअरिंगच्या मोटरींना कायम २४:१.

उलांडी

माझ्याकडे ब्रिटिश सीगल आहे. तिला कुठलं?

खाडीकाठ

ती वेगळीच जात. जुन्या सीगल १०:१ वर चालायच्या, म्हणजे लिटरला १०० मिली. तिच्या क्रँकला सील नाहीत, साधी बुश आहेत, आणि जाड तेलानेच क्रँककेस हवाबंद राहते. तेल एकदम कमी केलंत तर झिजलेल्या बुशमधून हवा आत खेचली जाईल आणि मोटर सुरूच होणार नाही. २५:१ वर आणायचं तर कार्बोरेटरमध्ये बदल लागतो. पॉइंट ०.०२० इंच, प्लगही तेवढाच. गियरबॉक्समध्ये पाणी मिसळून लोण्यासारखं झालेलं दिसेल, सीगलमध्ये ते नेहमीचं आहे, तेल बदला आणि चालवा.

सुरमई

पेट्रोलबद्दल बोलायलाच हवं. २०२५ पासून पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. या मोटरी बनल्या तेव्हा हे नव्हतं.

तीन गोष्टी घडतात. जुनं रबर फुगतं, मऊ होतं आणि नळीच्या आतून काळे तुकडे सुटून जेटमध्ये जातात. सगळ्या नळ्या, पंपाचा फुगा, ओ-रिंगा ई-२० चालणाऱ्या घ्या. दुसरं, इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटवर इंजिनला पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टन तापतो. सुई पाव वेढा जास्त उघडा, पूर्ण वेगावर प्लगचा रंग पांढरा दिसत असेल तर मुख्य जेट एक माप मोठा. तिसरं सर्वांत वाईट: इथेनॉल आपली दमट हवा पितं. पुरेसं पाणी झालं की पाणी आणि इथेनॉल दोघं मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि टू-स्ट्रोकचं तेल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. नळी तळातून ओढते. म्हणजे बेअरिंगला तेलाविना इंधन जातं.

तुमच्या पेट्रोलमध्ये किती इथेनॉल आहे ते मोजता येतं. काचेच्या मापात ९० मिली पेट्रोल, १० मिली पाणी, बूच लावून हलवा, दहा मिनिटं ठेवा. खालचा थर १० मिलीच राहिला तर इथेनॉल नाही. ई-२० असेल तर तो साधारण २७-२८ मिलीपर्यंत चढतो.

लेथवाला

मग तसंच पाणी घालून सगळं इथेनॉल धुऊन काढायचं की. वरचं पेट्रोल काढून घ्यायचं, तेल नंतर घालायचं. या मोटरींचं कॉम्प्रेशन कमी आहे, ऑक्टेन उतरलं तरी चालेल.

सुरमई

मापाच्या नळीत ठीक. पण वीस लिटरच्या कॅनमध्ये घरी करणं मला पटत नाही. प्लास्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल ढवळलं की स्थिर वीज तयार होते. खालचं इथेनॉल मिसळलेलं पाणी कुठे ओतणार? विहिरीच्या काठावर, खाडीत, कुठेच नाही. आणि पेट्रोलमध्ये थोडं पाणी राहिलंच तर पहिल्याच गारव्यात परत थर बसतो.

खाडीकाठ

सुरमईताईंशी सहमत. त्यापेक्षा त्या दिवसापुरतंच पेट्रोल मिसळा. परत आल्यावर पेट्रोलची नळी काढून मोटर पिंपात चालू ठेवून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत जाळा. टाकीत ठेवायचंच तर गच्च भरून, म्हणजे आत दमट हवा कमी राहते.

सडा

रंगासाठी काय? रेड ऑक्साइड मारून वर ऑइल पेंट?

लेथवाला

रेड ऑक्साइड लोखंडासाठी. ॲल्युमिनियमवर सोलून निघतो. चकचकीत धातू येईपर्यंत घासा, ॲसिटोनने पुसा, त्याच दिवशी एच प्रायमर (धातूला किंचित चावून धरणारा), मग इपॉक्सी प्रायमर, मग दोन भागांचा पॉलियुरेथेन. रात्रभर उघडा ठेवलात तर दमट हवेत ऑक्साइडचा थर येतो आणि त्यावर प्रायमर धरत नाही. पावसात हे काम करू नका. यंत्राचं काम जूनमध्ये, रंग ऑक्टोबरचं ऊन पडल्यावर. होडीच्या तळाला मारतात तो तांब्याचा रंग मोटरीच्या पायाला कधीच नको.

ॲनोडवर (बॉडीऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा) रंग लागू देऊ नका, रंगवलेला ॲनोड म्हणजे नसलेला ॲनोड. समुद्रात जस्ताचा. मोटर बहुतेक वेळ खाडीतच राहणार असेल तर ॲल्युमिनियमचा, कारण निमगोड्या पाण्यात जस्तावर थर बसून तो मंद पडतो. मॅग्नेशियमचा फक्त गोड्या पाण्यात.

खाडीकाठ

पहिली सुरुवात. २०० लिटरचं प्लास्टिकचं पिंप वरून कापा. मोटर मजबूत लाकडी घोड्यावर, पंखा काढून. पाणी पंख्यावरच्या सपाट पट्टीच्या १५ सेंमी तरी वर हवं. गोडं पाणी. पडवीत नाही, खळ्यात, धूर निघून जाईल अशा ठिकाणी.

प्लग ०.०३० इंच अंतराचे नवे. फुगा घट्ट होईपर्यंत दाबा, चोक, न्यूट्रल, दोरी. पहिल्या पाच मिनिटांत आत ओतलेल्या तेलाचा पांढरा धूर भरपूर येईल. नजर मागच्या पाण्याच्या धारेवर ठेवा. अर्ध्या मिनिटात धार नाही तर बंद करा, ‘येईल आता’ म्हणून थांबू नका. दहा मिनिटांनी हेडला हात लावा. गरम पण टेकवता येईल असं हवं. चटका बसत असेल तर थर्मोस्टॅट आणि त्यामागची वाट परत उघडा.

मंद वेगावर भडकत असेल आणि सुईने वश होत नसेल तर क्रँकची वरची किंवा खालची सील हवा खेचते आहे. वरच्या सीलवर थोडं टू-स्ट्रोक तेल सोडा. क्षणभर सुधारलं तर गुन्हेगार तीच.

बंद केल्यावर एक तासाने गियरच्या खालच्या स्क्रूतून दोन थेंब सोडून बघा. दुधाळ नाही ना, एवढं बघून मगच पंखा लावायचा. होडीवर सुई पक्की करताना मोटर गियरमध्ये, सर्वांत मंद वेगावर: अडखळेपर्यंत आत, मग धडधडेपर्यंत बाहेर, आणि मध्ये जिथे गुळगुळीत चालते तिथून थोडी बाहेर.

उलांडी

आणि दुरुस्त केलेली मोटर खाडीत पडली तर? क्लॅम्प सुटला, पाच मिनिटांत वर काढली, असं धरा.

सुरमई

चालू असताना पडली असेल तर दोरी ओढू नका, आत पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, मोटर आडवी करून प्लगची भोकं खाली, फ्लायव्हील हाताने फिरवून पाणी काढा. अडकत असेल तर तिथेच थांबा, रॉड वाकला आहे.

फिरत असेल तर लगेच गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवा, कार्बोरेटर काढून रिकामा, मग सिलिंडरमध्ये आणि कार्बोरेटरच्या तोंडातून क्रँककेसमध्ये तेल ओतून वीस-तीस वेळा हाताने फिरवा. पॉइंट ॲसिटोनच्या कागदाने पुसा. नवीन पेट्रोल, २५:१ मिश्रण, आणि दोन-तीन तासांच्या आत पिंपात अर्धा तास चालवा, म्हणजे उरलेलं पाणी उष्णतेने निघून जाईल.

तेवढ्या वेळात करता येणार नसेल तर तिला वाळवू नका. हवा लागली की बेअरिंगवर काही तासांत गंज धरतो. गोड्या पाण्याच्या पिंपात पूर्ण बुडवून ठेवा आणि काम करायला बसाल तेव्हाच बाहेर काढा.